आधी चालू करू नका

माळ्यावर किंवा जुन्या बाजारात चाळीस वर्षांपूर्वीचा घरगुती कॉम्प्युटर सापडला, की पहिला मोह होतो तो प्लग लावून बटण दाबण्याचा. जुने कॉम्प्युटर जमवण्याच्या छंदात मुरलेली मंडळी नवख्याला पहिली ताकीद देतात ती इथेच: प्लग लावू नका. इतकी वर्षे धूळ खात पडून टिकलेले यंत्र पहिल्या काही सेकंदांत कायमचे बिघडू शकते.

कमोडोर ६४ हे याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. त्याचा पॉवर सप्लाय हा वेगळा, जाडजूड ठोकळा असे आणि त्यातले भाग बहुतेक वेळा इपॉक्सी ओतून आत बुजवलेले असत. त्यामुळे उष्णतेला नीट वाट मिळत नसे आणि दुरुस्तीसाठी तो उघडताही येत नसे. कॉम्प्युटरला तो दोन प्रकारची वीज पुरवतो: ९ व्होल्ट एसी आणि ५ व्होल्ट डीसी. आतला रेग्युलेटर खराब झाला की सप्लाय बंद पडण्याऐवजी पाच व्होल्टची रेषा वर चढू लागते. ज्या मेमरी चिप्स पाच व्होल्टसाठीच बनवलेल्या असतात, त्यांच्यावर सहा-सात किंवा जास्त व्होल्ट येतात आणि त्या जळतात. थंड असताना मल्टिमीटरवर बरोबर पाच व्होल्ट दाखवणारा ठोकळा अर्ध्या तासाने तापल्यावर दगा देऊ शकतो, म्हणून एकदा मोजून निर्धास्त होताही येत नाही. जाणकार एकतर नव्याने बनवलेला सप्लाय वापरतात, नाहीतर मध्ये एक छोटे संरक्षक सर्किट बसवतात. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले की ते लगेच वीज तोडते.

ब्रिटनच्या बीबीसी मायक्रोची तऱ्हा वेगळी. त्याच्या पॉवर सप्लायमध्ये रिफा कंपनीचे पिवळट पारदर्शक कवचाचे कपॅसिटर असतात. काळाच्या ओघात या कवचाला बारीक तडे जातात आणि आतला कागद हवेतला ओलावा शोषून घेतो. मग एके दिवशी यंत्र चालू केले की कपॅसिटर फुटतो आणि खोली पांढऱ्या, उग्र वासाच्या धुराने भरते. कॉम्प्युटरचे सहसा फारसे नुकसान होत नाही, घाबरतो तो माणूस. काही रुपयांचे दोन-तीन कपॅसिटर आधीच बदलले की हा प्रसंग टळतो.

ही यंत्रे होती तरी कोणती? १९७७ साली अॅपल टू, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० हे तीन तयार जोडलेले कॉम्प्युटर अमेरिकेत बाजारात आले आणि सर्किट स्वतः न जोडताही घरात कॉम्प्युटर आणता येऊ लागला. पुढची मोठी लाट ब्रिटनमध्ये उसळली. डिसेंबर १९८१ मध्ये केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने बीबीसी मायक्रो आणला. २३ एप्रिल १९८२ रोजी क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने झेडएक्स स्पेक्ट्रम जाहीर केला: १६ केबी मेमरीचा १२५ पौंडांना, ४८ केबीचा १७५ पौंडांना. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ५९५ डॉलर किमतीचा कमोडोर ६४ अमेरिकेत विक्रीला आला. १९९४ पर्यंत बनत राहिलेल्या या एका मॉडेलच्या विक्रीचे अंदाज सव्वा कोटीपासून एक कोटी सत्तर लाखांपर्यंत जातात. १९८५ मध्ये कमोडोरनेच अमिगा आणला. यातले बहुतेक कॉम्प्युटर घरातल्या टीव्हीला जोडत आणि प्रोग्रॅम कॅसेटवरून भरत. बटण दाबल्याबरोबर बेसिक भाषेचा कर्सर समोर लुकलुकू लागे. त्या काळी शाळेत असलेली मुले आज पन्नाशीत आहेत आणि या छंदातला मोठा वर्ग त्यांचाच आहे.

भारतात हे कॉम्प्युटर फार थोड्या घरांत पोचले, तरी देश त्यांना अगदीच पारखा नव्हता. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८६ मध्ये परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लसची भारतीय आवृत्ती बाजारात आणली. त्याआधी, १९८४ मध्ये, केंद्र सरकारच्या ‘क्लास’ या संगणक साक्षरता योजनेत शाळांसाठी बीबीसी मायक्रो निवडला गेला होता. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेडने त्याची देशी आवृत्ती ‘युनिकॉर्न’ नावाने बनवली. ज्यांनी शाळेत पहिल्यांदा कॉम्प्युटर पाहिला तो हाच, असे लोक आजही भेटतात.

जुन्या कॉम्प्युटरच्या किमतींच्या बातम्या वाचून मात्र गैरसमज होण्याची शक्यता फार. १९७६ चा अॅपल-१ सुमारे २०० नगच बनला. त्यातला एक चालता नग ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या हेन्री फोर्ड संग्रहालयाने ९ लाख ५ हजार डॉलरना घेतला. पण स्पेक्ट्रम किंवा कमोडोर लाखांनी बनले, त्यामुळे साधा नग सामान्य नोकरदाराच्या आवाक्यातला असतो. संग्राहकांची चढाओढ चालते ती बारकाव्यांवर. स्पेक्ट्रमच्या अगदी पहिल्या आवृत्तीच्या रबरी कळा फिकट राखाडी होत्या, नंतरच्या निळसर. कमोडोरची पहिली फुगीर पेटी वेगळी आणि १९८६ ची चपटी, फिकट पेटी वेगळी. पेटी एकच असली तरी आतल्या बोर्डाच्या आवृत्त्या अनेक, आणि त्या ओळखण्याचा नाद लागला की घरात जागा पुरत नाही. विक्रेत्याने ‘तपासलेला नाही’ असे लिहिले असेल तर अनुभवी गिऱ्हाईक त्याचा अर्थ ‘तपासला आणि चालला नाही’ असाच धरतो आणि भाव तसाच लावतो.

बंद यंत्र विकत घेण्यात या मंडळींना धास्ती वाटत नाही, कारण ही यंत्रे दुरुस्त होतात. आजच्या मोबाइलच्या बोर्डावरची चिप उपटून दुसरी लावणे घरच्या टेबलावर जवळपास अशक्य. १९८२ च्या बोर्डावर मात्र चाळीस पायांच्या मोठ्या आयसी असतात. काही सॉकेटमध्ये बसवलेल्या असतात, बाकीच्या साध्या सोल्डरिंग आयर्नने काढता येतात. प्रत्येक आयसीच्या कोणत्या पायावर काय यायला हवे हे छापील माहितीत सापडते. कमोडोरने तर प्रोग्रॅमरसाठी काढलेल्या संदर्भ पुस्तकातच पूर्ण सर्किट छापले होते. एका माणसाला चिकाटीने अभ्यास करून पूर्णपणे समजू शकेल असा हा कॉम्प्युटर आहे, आणि या छंदाची खरी गोडी तिथे आहे.

बिघाड शोधण्याची पद्धत म्हणूनच बऱ्यापैकी ठरलेली असते. कमोडोर ६४ चालू केल्यावर पडदा काळाच राहिला, तर पहिला संशय पॉवर सप्लायवर, दुसरा पीएलए नावाच्या चिपवर. कोणत्या क्षणी कोणत्या चिपने बोलायचे हे ही पीएलए ठरवते आणि ती तापून मरण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. तिसरा संशय मेमरीच्या आठ आयसींवर. कमोडोरच्या दुरुस्ती केंद्रांसाठी ‘डेड टेस्ट’ नावाचे एक कार्ट्रिज होते. ते लावले की पडदा ठरावीक वेळा लुकलुकतो आणि त्या मोजणीवरून आठांपैकी कोणती आयसी गेली ते कळते. आज त्याची नक्कल कोणीही बनवू शकतो. कार्ट्रिज नसेल तर बोट फिरवून एखादी आयसी चटका बसेल इतकी तापली आहे का ते पाहायचे, किंवा चांगली आयसी संशयिताच्या पाठीवर तात्पुरती दाबून धरायची आणि पडदा सुधारतो का ते बघायचे.

स्पेक्ट्रमच्या बिघाडात सिंक्लेअर यांची काटकसर दिसते. त्याच्या पहिल्या १६ केबी मेमरीला ५ व्होल्ट, १२ व्होल्ट आणि उणे ५ व्होल्ट असे तीन पुरवठे लागतात. बोर्डावरचा एक छोटा ट्रान्झिस्टर गेला की उणे ५ व्होल्ट नाहीसे होतात आणि मेमरीच्या आयसी एकामागून एक जातात. उरलेल्या ३२ केबीची गोष्ट तर आणखी गमतीची. ६४ किलोबिटच्या ज्या चिप्स कारखान्यात अर्ध्याच चालल्या, त्या स्वस्तात घेऊन त्यांची चालणारी बाजू वापरली गेली. कोणती बाजू चांगली आहे त्याप्रमाणे बोर्डावर तारेचा छोटा तुकडा जोडलेला असे. आज दुरुस्ती करणारा माणूस तिथे पूर्ण चांगली चिप बसवतो, पण त्या तारेचा अर्थ त्याला आधी उमजावा लागतो.

अमिगाचा शत्रू बॅटरी. अमिगा ५०० प्लस, २०००, ३००० आणि ४००० यांच्या बोर्डावर घड्याळ चालू ठेवण्यासाठी निकेल-कॅडमियमची बॅटरी थेट डागलेली असे. दहा-पंधरा वर्षांनी ती पाझरते. बाहेर येणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइड आसपासचे तांब्याचे ट्रॅक आणि आयसींचे पाय हिरवे-निळे करत खात सुटते. यंत्र बंद ठेवले म्हणून हे थांबत नाही. उलट बंद कपाटात ते कोणाच्या लक्षातही येत नाही. उपाय असा: बॅटरी कापून काढायची, अल्कली मारण्यासाठी व्हिनेगर लावायचे, मग बोर्ड धुऊन, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवायचा आणि तुटलेले ट्रॅक बारीक तारेने पुन्हा जोडायचे. अमिगा ६०० आणि १२०० मध्ये घड्याळाची बॅटरी नाही, पण बोर्डाच्या पृष्ठभागावर चिकटवलेले छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हेच काम सावकाश करतात. गरम करताना माशाच्या कुजट वासासारखा वास आला की ओळखायचे, ते पाझरले आहेत.

रूपाची डागडुजी हे वेगळेच प्रकरण. करड्या किंवा फिकट रंगाच्या पेट्या वर्षांनुवर्षांत पिवळ्या, कधी चक्क तपकिरी होतात. एबीएस प्लास्टिकमध्ये आग रोखण्यासाठी घातलेली ब्रोमीनची संयुगे आणि खुद्द प्लास्टिक, दोन्ही प्रकाश, उष्णता आणि हवेमुळे बदलतात. २००८ च्या सुमारास छांदिष्टांनी यावर ‘रेट्रोब्राइट’ नावाची कृती शोधली: केस रंगवण्यासाठी मिळते तसे हायड्रोजन पेरॉक्साइडचे क्रीम पेटीला फासायचे आणि तिला अतिनील प्रकाशात किंवा कडक उन्हात ठेवायचे. काही तासांत मूळ रंग परत येतो. मात्र क्रीम कुठे वाळले तर पांढरे ओघळ उमटतात, ते पुन्हा जात नाहीत. आणि उजळलेली पेटी काही वर्षांत परत पिवळी पडू शकते. त्यामुळे बरेच जुने संग्राहक आता पिवळेपणा तसाच राहू देतात.

चिप्सचा तुटवडा हा यापेक्षा मोठा पेच. कमोडोर ६४ चा आवाज घडवणारी सिड ही चिप बॉब यानस यांनी रचली. तिच्यातला फिल्टर अॅनालॉग असल्याने त्याचे भाग प्रत्येक नगात किंचित वेगळे निघाले आणि एकाच धूनला दोन कॉम्प्युटर थोडे निराळे वाजू लागले. ही चिप आता कोणी बनवत नाही. चालत्या कॉम्प्युटरमधून तिची चोरीही होते, म्हणजे विकणारा आधी ती काढून वेगळी विकतो आणि रिकाम्या सॉकेटचा कॉम्प्युटर दुसऱ्याच्या गळ्यात मारतो. तिच्या जागी बसणाऱ्या, आधुनिक मायक्रोकंट्रोलर किंवा एफपीजीएवर बनवलेल्या प्रतिकृती मिळतात. स्पेक्ट्रममध्ये फेरांटी कंपनीने बनवलेली यूएलए ही अशीच दुर्मिळ चिप. ख्रिस स्मिथ यांनी तिच्या अंतर्रचनेचा उलगडा करून २०१० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले आणि पर्यायी यूएलए बनवणाऱ्यांची वाट सोपी झाली. स्पेक्ट्रमचा झेड८० प्रोसेसर तर २०२४ पर्यंत नवा मिळत होता. त्या वर्षी एप्रिलमध्ये झायलॉगने स्वतंत्र झेड८० चे उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले आणि जूनच्या मध्यापर्यंतच शेवटच्या मागण्या घेतल्या. १९७६ पासून चालत आलेली चिप होती ती.

दुरुस्ती झाली की सुधारणा सुरू होतात. पहिली सुधारणा बहुधा चित्राची. मूळ यंत्रे टीव्हीच्या अँटेना सॉकेटला सिग्नल देत आणि आजचे टीव्ही तो नीट पकडत नाहीत. स्पेक्ट्रममध्ये जुना मॉड्युलेटर वगळून त्याच सॉकेटवर थेट कॉम्पोझिट सिग्नल काढणे हे तासाभराचे काम आहे. दुसरी सुधारणा साठवणीची. कॅसेटवरून एक खेळ चढायला पाच-पाच मिनिटे लागत. आता एका एसडी कार्डात त्या काळचे हजारो प्रोग्रॅम मावतात. अमिगाच्या फ्लॉपीच्या जागी ‘गोटेक’ नावाचा डबा बसवतात. तो मुळात भरतकामाच्या आणि कारखान्यांतल्या जुन्या यंत्रांसाठी चीनमध्ये बनलेला, यूएसबी पेनड्राइव्हला फ्लॉपी म्हणून दाखवणारा. छांदिष्टांनी त्याच्यासाठी स्वतःचे खुले सॉफ्टवेअर लिहिले आणि तो निम्म्या जुन्या कॉम्प्युटरांना चालू लागला.

तिसरी सुधारणा वेगाची, आणि वाद पेटतो तो इथे. अमिगा ५०० चा ६८००० प्रोसेसर काढून त्या जागी पायस्टॉर्म नावाच्या बोर्डावर रास्पबेरी पाय हा आजचा छोटा कॉम्प्युटर बसवतात. मग पेटी, कळफलक, चित्र आणि आवाजाच्या चिप्स जुन्या राहतात, पण हिशेब नवा प्रोसेसर मूळच्या कित्येक पट वेगाने करतो. अशा यंत्राला अमिगा म्हणायचे का, यावर तासन्‌तास चर्चा रंगते. बीबीसी मायक्रोच्या बाबतीत मात्र हीच युक्ती कोणाला खटकत नाही. त्याला ‘ट्यूब’ नावाच्या जोडणीतून दुसरा प्रोसेसर लावण्याची सोय मुळातच होती. १९८५ मध्ये सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी रचलेला पहिला आर्म प्रोसेसर एकॉर्नने याच ट्यूबला जोडून चालवला. आज रास्पबेरी पाय त्याच जोडणीला लावून दुसऱ्या प्रोसेसरचे काम करतो आणि त्याचा गाभा त्याच आर्म घराण्याचा आहे.

या वादातून एक संकेत रूढ झाला आहे: जे कराल ते परत फिरवता यावे. सॉकेटमध्ये बसणारी सुधारणा चालते, पेटीला भोक पाडणारी नाही. काढलेला मॉड्युलेटर, जुने कपॅसिटर, मूळ चिप एका पिशवीत घालून, त्यावर तारीख टाकून यंत्रासोबत ठेवायची. पुढच्या मालकाला मूळ रूप हवे असेल तर त्याची सोय असावी.

यंत्राइतकेच काळजीचे असते ते त्याच्यासोबत आलेले चुंबकीय सामान. फ्लॉपीवरचा थर झडतो, कॅसेट प्लेअरचे आणि स्पेक्ट्रम प्लस थ्रीच्या डिस्क ड्राइव्हचे रबरी पट्टे सैल पडतात किंवा विरघळून चिकट होतात. म्हणून फ्लॉपी वाचताना आता नुसत्या फाइली काढत नाहीत. ग्रीसविझल किंवा क्रायोफ्लक्ससारख्या उपकरणाने डिस्कवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे नोंदवतात, म्हणजे कॉपी-संरक्षणासाठी मुद्दाम केलेल्या खोड्याही जपल्या जातात. याची निकड १९८६ च्या बीबीसी डोम्सडे प्रकल्पाने दाखवून दिली. लाखो ब्रिटिश लोकांनी गोळा केलेली आपल्या गावांची माहिती लेझरडिस्कवर भरली गेली. पंधरा वर्षांत ती वाचणारी यंत्रेच दुर्मिळ झाली आणि माहिती सोडवून घेण्यासाठी संशोधकांना खास मोहीम काढावी लागली. प्रकल्पाला ज्याचे नाव दिले होते ते १०८६ चे चर्मपत्रावरचे डोम्सडे बुक तोवर व्यवस्थित वाचता येत होते.

हे सगळे कशासाठी, असा प्रश्न उरतोच, कारण हेच खेळ मोबाइलवर एमुलेटरने फुकट चालतात. उत्तर देणारे लोक आपापले कारण सांगतात. कोणाला जुन्या काचेच्या पडद्याचा तजेला हवा असतो. त्या पडद्यावरची इलेक्ट्रॉनची रेघ पाहून नेम धरणारी खेळण्यातली बंदूक सपाट टीव्हीवर चालतच नाही. कोणाला सिडच्या फिल्टरचा तो विशिष्ट सूर हवा असतो. काहींसाठी यंत्र निमित्त असते, ते शिकतात डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स. आणि काही जण अजूनही नवे खेळ, नवी धून आणि नवी चित्रे कमोडोर ६४ साठी लिहितात, कारण ६४ केबीत मावेल असे काही करून दाखवणे हे त्यांना आव्हान वाटते.

महाराष्ट्रातून या छंदात उतरणाऱ्याला एक गोष्ट अनुकूल आहे. ब्रिटन आणि भारत, दोन्हीकडे २३० व्होल्टच्या आसपासची ५० हर्ट्‌झ वीज आणि पाल टीव्ही पद्धत, त्यामुळे तिकडचा स्पेक्ट्रम किंवा बीबीसी मायक्रो इथे चालतो. अमेरिकेतून आलेल्या कमोडोरचा सप्लाय मात्र १२० व्होल्टचा असतो आणि वेगळा सप्लाय दिल्याखेरीज त्याला भिंतीतला प्लग लावायचा नाही. कपॅसिटर, सॉकेट, रेग्युलेटर आणि सामान्य ७४ मालिकेच्या आयसी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतात. विशेष चिप्स परदेशातून मागवाव्या लागतात. कोकणच्या दमट हवेत आयसींचे पाय गंजू नयेत म्हणून यंत्र सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावे आणि बॅटरी आत राहू देऊ नये.

जुन्या शाळेच्या अडगळीत युनिकॉर्न किंवा एखाद्या माळ्यावर डेसिबेल्सचा स्पेक्ट्रम निघाला, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी एवढे करता येईल: पेटीवरची मागची पट्टी, बोर्डाच्या दोन्ही बाजू आणि प्रत्येक चिपवरचे आकडे यांचे स्वच्छ फोटो काढायचे, सोबतच्या कॅसेटींचा आवाज चांगल्या प्लेअरवरून डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये उतरवून घ्यायचा आणि रॉमची प्रत जाणकाराकडून काढून घ्यायची. ब्रिटिश यंत्रांचे रॉम आणि सर्किट अनेकांनी जपले आहेत. भारतीय आवृत्तीत काय बदलले होते, हे मात्र त्या पेटीवरूनच कळेल.